बिबळ्याचा पेला आणि चिकटलेली साखर

फरीदाबादचा सूरजकुंड मेळा १९८७ साली सुरू झाला. हस्तकलेचा मेळा, फेब्रुवारीत भरतो. अशा मेळ्यांत आणि आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत विजयसारचा लाकडी पेला विकायला दिसतो. आपल्याकडे या झाडाला बिबळा म्हणतात. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी अनशापोटी प्यायचं, म्हणजे साखर ताब्यात राहते, असं विकणारा सांगतो. सकाळपर्यंत पाणी तांबूस झालेलं असतं, पण उन्हात जरा तिरपं धरलं की कडेला निळसर झाक मारतं. निकोलास मोनार्देस या स्पॅनिश वैद्याने १५६५ साली मेक्सिकोतल्या एका लाकडाच्या पाण्यात अशीच निळाई पाहिल्याची नोंद केली होती. तेही लाकूड मूत्रविकारांवरचं औषध म्हणूनच खपत होतं! ही निळाई लक्षात असू द्या, पुढे ती घोळ घालणार आहे.

हल्ली वनौषधींच्या वेष्टनांवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द असतोच, आणि त्याच्या जोडीला ‘अँटिग्लायकेशन’ही येऊ लागला आहे. पहिल्याच्या लोकप्रियतेचं मूळ १९५६ सालच्या एका मांडणीत आहे. फ्री रॅडिकल्समुळे शरीर जीर्ण होतं, असं डेनम हार्मन यांनी मांडलं. दोन वर्षांनी ब्लॉइस यांनी डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणाची सोपी चाचणी दिली. त्यात अर्क टाकायचा. जांभळा रंग उतरून पिवळा झाला की अर्क अँटिऑक्सिडंट ठरला. खर्च किरकोळ, वेळ अर्धा तास. पदवीच्या प्रकल्पांना याहून सोयीचं काय असणार? तुळस, आवळा, शेवगा, बिबळा, सगळेच यात पास होतात. जवळपास कुठलीही हिरवी वनस्पती पास होते, आणि माझ्या मते या चाचणीचा दोष नेमका तोच आहे.

ग्लायकेशनची गोष्ट अधिक गंभीर. पाव भाजताना तांबूस होतो तो साखर आणि प्रथिनं यांच्या ज्या अभिक्रियेमुळे, ती फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली वर्णिली. तशीच अभिक्रिया आपल्या रक्तात संथपणे चालू असते. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं. आज त्यालाच आपण एचबीएवनसी म्हणतो, ‘तीन महिन्यांची साखर’. साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, तशीच डोळ्यातल्या भिंगाला, मूत्रपिंडाला आणि रक्तवाहिन्यांनाही. ती एकदा पक्की बसली की सुटत नाही. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, तेव्हा हे चिकटणं थांबवणारा अर्क मिळाला तर कुणाला नको आहे?

बिबळ्याकडून मोठ्या आशा होत्या. त्यातलं एपिकॅटेचिन हे द्रव्य उंदरांच्या स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी पुन्हा उगवून आणतं, असा दावा १९८० च्या सुमारास भारतीय संशोधकांनी केला, आणि तो ‘लॅन्सेट’पर्यंत पोचला. परदेशांतल्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला, पण त्यांच्या हाती काही लागलं नाही. मग आयसीएमआरने थेट माणसांवर चाचणी घेतली. ९७ नवे मधुमेही, १२ आठवडे, रोज विजयसारचा अर्क. १९९८ साली निष्कर्ष छापून आला: ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्के रुग्णांची, साखर आटोक्यात आली. जाहिरातदारांनी हा आकडा उचलला नसता तरच नवल. त्याच निबंधातला दुसरा आकडा मात्र कुणी उचलत नाही. सरासरी एचबीएवनसी ९.८ वरून ९.४ वर आलं, एवढंच. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. अर्क निकामी होता असं यातून म्हणता येत नाही, पण चिकटलेली साखर फारशी हललेली नव्हती हेही दिसतं.

तरी अँटिग्लायकेशनचे निबंध निघतच राहिले. त्यांची रीत ठरलेली: गाईचं अल्ब्युमिन आणि साखर ३७ अंशांवर काही आठवडे ठेवायची, मग अतिनील प्रकाशात किती चमकतं ते मोजायचं. साखर चिकटून तयार झालेली द्रव्यं निळसर चमकतात. चमक घटली की अर्काने काम केलं असं धरायचं. आता घोळ पाहा. तांबूस अर्क प्रकाश स्वतःच गिळतो, त्यामुळे काहीही न करता चमक घटलेली दिसते. बिबळ्याचं पाणी तर स्वतःच निळं चमकतं. वेगळं नियंत्रण ठेवून ही चमक वजा केली नाही, तर आकडा नेमका कशाचा हे कुणी सांगावं?

माणसांत याहून कडू अनुभव आले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंट्सची चाचणी झाली. १९९४ साली निकाल लागला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. ग्लायकेशन रोखणारं अमिनोग्वानिडीन १९८६ साली उंदरांत चमकलं आणि माणसांवरच्या चाचण्यांत मागे पडलं.

उलटी वाट सुचवली ती मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांच्यासारख्यांनी: आधी रुग्ण, मग प्रयोगशाळा. वैद्याच्या अनुभवातून सुरुवात करायची आणि रेणूपर्यंत नंतर पोचायचं. ही ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ मला अधिक प्रामाणिक वाटते.

फरीदाबादेतच टीएचएसटीआय ही केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची संस्था आहे. करोनाकाळात तिथे वनौषधींचे अर्क हॅमस्टरना देऊन पाहिले. २०२२ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात ज्येष्ठमध दिलेल्या प्राण्यांच्या फुप्फुसांची हानी कमी दिसली. परीक्षानळीच्या पुढे टाकलेलं हे एक पाऊल, पण माणसापासून अजून लांबच. त्यातून ज्येष्ठमधातलं ग्लायसिऱ्हिझिन रोज पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. मधुमेहाच्या गोळ्यांशेजारी ब्लडप्रेशरची गोळी असलेली घरं थोडी नाहीत, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत ज्येष्ठमधाचा काढाही उकळत असतो.