सायकलची बैठक नळींत अडकूं नये म्हणून

शेतकऱ्याच्या घरीं एकच सायकल असली म्हणजे ती पित्यास शेतावर जाण्यास व मुलास शाळेस जाण्यास उपयोगी पडते. मुलगा उंचीनें वाढला कीं बैठक वर घ्यावी लागते. परंतु कित्येक वर्षें न हलविलेला दांडा त्या वेळीं जागचा हलत नाहीं. मग हातोड्याचे घाव बसतात, नळी चेपते आणि एका दांड्यापायीं सबंध चौकट निकामी होते. हें नुकसान टाळतां येण्याजोगें असल्यामुळें त्याचीं कारणें व उपाय आम्ही येथें देत आहों.

दांडा आवळण्याकरितां नळीच्या तोंडाशीं बहुधा मागील बाजूस चीर ठेविलेली असते. मागील चाकानें उडविलेलें पाणी तींतून आंत झिरपतें. दांडा व नळी दोन्ही पोलादी असल्यास गंज चढतो. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें मधली बारीक फट भरून दांडा पाचरीसारखा बसतो. दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर ओलाव्यामुळें दोन धातूंमध्यें विद्युत्-क्रिया घडून ॲल्युमिनियम खाल्लें जातें व त्याची पांढरी भुकटी फटींत दाटते. क्षारानें ही क्रिया जलद होते. समुद्रकांठची हवा खारी असतेच. शिवाय पोटॅशसारखें क्षारयुक्त खत कॅरिअरवरून नेतांना सांडलें तर तें या चिरेजवळच पडतें. तेव्हां खत वाहिल्यावर सायकल धुऊन कोरडी करावी.

पावसाळ्यापूर्वीं व पावसाळा सरल्यावर, असा वर्षांतून निदान २ वेळां दांडा बाहेर काढावा. प्रथम उंचीची खूण करावी, बोल्ट सैल करावा व बैठक दोन्ही बाजूंस फिरवीत वर ओढावी. दांड्यावरील गंज कांचकागदानें घांसावा. काठीस चिंधी गुंडाळून नळी आंतून पुसावी. नंतर दांड्यास व नळीस ग्रीसचा पातळ थर द्यावा. ग्रीसमुळें बैठक घसरेल अशी भीति नको. बोल्ट नीट आवळला म्हणजे पुरे. जुन्या ट्यूबचा तुकडा सांध्यावर चढविल्यास पाणीहि अडतें. कार्बनच्या दांड्यास किंवा चौकटीस मात्र ग्रीस लावूं नये; त्याकरितां निराळें मलम मिळतें.

दांडा आधींच अडकला असल्यास सांध्यांत गंज सोडविणारें तेल घालून रात्रभर ठेवावें व दुसरे दिवशीं बैठक धरून पिळून पाहावें. पोलादी नळींतील ॲल्युमिनियमचा दांडा तापवूं नये. उष्णतेनें ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें व दांडा अधिकच आवळतो. त्यास बर्फ लावून थंड करणें हितावह. इतकेंहि करून न हलल्यास बळ न लावतां सायकल जाणत्या कारागिराकडे न्यावी.