माळढोक आणि आपला माळ

वैरागहून सोलापूरकडे निघालात की वडाळ्यापुढे नान्नज लागते. द्राक्षांमुळे हे गाव तुम्हांला ठाऊक आहेच. पक्ष्यांचे अभ्यासक मात्र त्याला ओळखतात ते माळढोकामुळे. इथले माळ १९७९ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले.

माळढोक उभा राहिला की मीटरभर उंच दिसतो. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. असा हा पक्षी आज जगात दीडशेच्या आसपासच उरला असावा, आणि तोही बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे एखादा दिसला तरी नवल वाटते.

ही वेळ का बरे आली? पूर्वी शिकार फार झाली. १९७२ च्या कायद्याने तिला बंदी आली. पण मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते कुत्र्याच्या तोंडी गेले की वर्ष फुकट. शिवाय या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही. विजेच्या तारा जवळ येईपर्यंत कळत नाहीत, आणि जड अंगामुळे चटकन वळता येत नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे माळच आटला. पाणी आले, शेतकऱ्याने ऊस लावला. यात त्याचा काय दोष? अभयारण्यही कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे होते. गावे, शेते, सगळे त्यात आले, जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांना पक्ष्याचाच राग आला. पुढे हे क्षेत्र पुष्कळ कमी केले गेले.

आपण माळाला 'पडीक' म्हणतो. पण पडीक तो कसा? कुसळीच्या गवतात नाकतोडे, सरडे असतात. ते खाऊन माळढोक जगतो. काळवीट, खोकड, लांडगा तिथेच राहतात. धनगराची मेंढरेही तिथेच चरतात. झाडे लावणे चांगले खरे, पण गवताळ माळावर नव्हे. माळढोकाला दूरवरचे दिसावे लागते. दाट झाडी झाली की तो ती जागा सोडतो.

जैसलमेरकडे २०१९ पासून अंडी यंत्रात उबवून पिले वाढवीत आहेत. पण ती उद्या सोडायची कुठे? त्यांना माळच हवा.

तेव्हा गुरुजी, पावसाळ्यानंतर एक दिवस मुलांना गावच्या माळावर न्या. गवते किती जातींची, पाखरे कोणती, किडे कोणते, ते वहीत लिहून घ्या. यादी भरली की 'पडीक' हा शब्द मुलेच खोडतील.