रक्तजल सांगते जनावराची ताकद

गाय किंवा म्हैस व्याली की वासराच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच. माणसाच्या बाळाला ती आईच्या पोटातच वारेतून मिळतात. गुरांची वार ती अडवते. वासराला ती मिळतात फक्त चिकातून. तीही वेळेत मिळावी लागतात, कारण अख्खे प्रतिपिंड शोषण्याची वासराच्या आतड्याची क्षमता तासागणिक घटते आणि साधारण 24 तासांत संपते.

चीक लागू पडला की नाही, हे पहिल्या आठवड्यात रक्त तपासून कळते. रक्त गोठल्यावर वर सुटणारे पिवळसर पाणी म्हणजे रक्तजल. ते झिंक सल्फेटच्या द्रावणात टाकले की प्रतिपिंडे साकळतात. द्रावण गढूळ झाले तर वासराला संरक्षण मिळाले; नितळ राहिले तर हगवण आणि न्यूमोनियाचा धोका मोठा. मोजमापात बोलायचे तर दर मिलिलिटर रक्तजलात आयजीजी हे प्रतिपिंड किमान 10 मिलिग्रॅम हवे.

मोठ्या जनावरांत प्रश्न वेगळा असतो: लस लागू पडली का? उदाहरणार्थ, काळी नदीच्या खोऱ्यातल्या जोयडा तालुक्यात गवळी धनगरांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या रानात चरत आल्या आहेत. अशा मोकळ्या चराईत कळप एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एका म्हशीची लाळ्या-खुरकूत साऱ्या रानाची होते. 2019 पासून या रोगाविरुद्ध देशभर मोहीम सुरू आहे. ओ, ए आणि एशिया-1 या तीन प्रकारांवरची लस दर सहा महिन्यांनी टोचतात. काही जनावरांचे रक्त लसीआधी आणि सुमारे महिन्याभराने घेऊन एलायझा चाचणीने प्रतिपिंडे किती वाढली ते पाहतात.

प्रतिपिंडे लसीची की रोगाची, हेही ओळखता येते. विषाणू शरीरात वाढताना काही जादा प्रथिने बनवतो. शुद्ध केलेल्या लसीत ती काढून टाकलेली असतात. त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर जनावराला लागण होऊन गेलेली असते.

मात्र प्रतिपिंडे म्हणजे सगळी प्रतिकारशक्ती नव्हे. पेशींकरवी होणारा प्रतिकार या चाचण्यांत दिसत नाही. शिवाय एकाच नमुन्यावरून लागण जुनी की ताजी हे ठरत नाही; त्यासाठी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दुसरा नमुना लागतो.

वासरापुरता उपाय मात्र गोठ्यातच आहे: व्याल्यावर पहिल्या काही तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक वासराच्या पोटात जाऊ द्यावा. खरवस उरलेल्या चिकाचा.