साखर सोडली, पुडा राहिला

मधुमेहाच्या ओपीडीत लोहाऱ्याचे एक काका दोन वर्षांपासून येत होते. लोहारा म्हणजे यवतमाळला लागून असलेले एमआयडीसीचे गाव. काकांचे वय पन्नाशीच्या पुढे, बांधा काटक, वजन ५४ किलो. औषध चुकवायचे नाहीत, तारीखही चुकवायचे नाहीत. तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी नऊच्या खाली येईना. दर वेळी मी तेच सांगायचो, "काका, गोड बंद करा."

एके दिवशी त्यांनीच मला विचारले, "डाक्टरसाहेब, गोड तं मी कवाचंच सोडलं. चहाबी बिनसाखरेचा पितो. सणाले पुरणपोयीले हात लावत नाही. मंग शुगर कायनं वाढून राह्यली?"

गोळीची मात्रा वाढवायला उचललेला पेन मी खाली ठेवला आणि म्हणालो, "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्ले, ते सांगा." काकांना आठवेना. काकूंनी बोटांवर मोजून सांगितले. सकाळी चहात बुडवून चार टोस्ट. दहा वाजता कामावर बिस्किटाचा पुडा, तोही 'शुगर फ्री' लिहिलेला, मुद्दाम महागाचा. दुपारी पोळी-भाजी, वरण-भात. चार वाजता पुन्हा चहा आणि बिस्किटे. संध्याकाळी नातवाच्या पुड्यातले मूठभर पोंगे. रात्री पुन्हा पोळी आणि भात.

काकांनी माझे ऐकले होते. मी 'गोड' म्हणालो आणि त्यांनी गोड सोडले. टोस्ट-बिस्किट त्यांच्या लेखी गोडात मोडतच नव्हते. ते हलके, आजारी माणसाला चालणारे खाणे होते. दोन वर्षांत एवढा साधा प्रश्न मी विचारला नव्हता. चूक काकांची नव्हती, माझी होती.

पुड्यातले अन्न वेगळे कसे?

आपण खातो त्या बहुतेक अन्नावर काही ना काही प्रक्रिया झालेलीच असते. ज्वारी दळणे, दुधाचे दही लावणे, कैरीचे लोणचे घालणे या प्रक्रियाच आहेत आणि त्यांच्याशी आपले भांडण नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाची विभागणी त्यातील घटकांऐवजी त्यावर झालेल्या प्रक्रियेनुसार करावी, असे मांडले. ही पद्धत 'नोव्हा' या नावाने ओळखली जाते. तिच्यात चार गट आहेत: धान्य, डाळी, भाज्या, दूध, अंडी असे मूळ रूपातले अन्न, स्वयंपाकात वापरायचे तेल, मीठ, साखर, गूळ, लोणचे, पनीर यांसारखे साधी प्रक्रिया केलेले पदार्थ, आणि चौथा गट अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा, म्हणजेच 'अल्ट्रा-प्रोसेस्ड फूड'चा. बिस्किटे, चिप्स, इन्स्टंट नूडल्स, शीतपेये हे सगळे त्यात येतात.

आपल्याच शेतातले उदाहरण घेऊ. यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा मोठा आहे. ते बाजार समितीतून तेल कारखान्यात जाते. त्यातून तेल निघते, पेंड निघते आणि लेसिथिन नावाचा चिकट पदार्थही निघतो. बिस्किटाच्या पुड्यामागे बारीक अक्षरात 'इमल्सिफायर ३२२' असे लिहिलेले असते, ते बहुतेक वेळा हेच सोयाबीनचे लेसिथिन असते. त्याच पुड्यात गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून उरलेला मैदा, पाम तेल, साखर, साखरेचा पाक आणि कृत्रिम वास असतो. एकटे लेसिथिन काही विष नाही. अडचण अशी की धान्य आणि तेलबिया फोडून, त्यातले तंतू काढून, उरलेले पुन्हा जोडून असा पदार्थ बनवला जातो, जो चावावा लागत नाही, लवकर पोट भरत नाही आणि महिनोन् महिने टिकतो.

बेकरीतले सुटे टोस्ट आणि खारी प्रत्येक वेळी या व्याख्येत काटेकोर बसतीलच असे नाही. पण त्यातही मैदा आणि वनस्पती तूपच असते. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने दोघांत फार अंतर नाही.

पोट भरण्याआधी पुडा संपतो

"साखर, तेल, मीठ तेवढेच असेल तर पुडा आणि घरचे जेवण यात फरक काय?" असा प्रश्न मला विचारला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. २० निरोगी माणसांना त्यांनी २८ दिवस संस्थेतच ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त अन्न, दोन आठवडे साधे अन्न. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या ताटातले उष्मांक, साखर, स्निग्ध पदार्थ, तंतू आणि मीठ सारखेच होते. हवे तेवढे खा, असे सांगितले होते. पुड्यातले अन्न असताना माणसांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या अन्नावर ते तेवढेच उतरले.

अभ्यास लहान आणि थोड्या दिवसांचा होता, हे खरे. मोठ्या पाहणींमध्येही असे अन्न जास्त खाणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात. मात्र तेवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण हॉल यांच्या प्रयोगातली एक गोष्ट आपण घरीही पाहू शकतो. पुड्यातले अन्न लोक भराभर खात होते. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. भाकर चावावी लागते. चहात बुडवलेले बिस्किट आपोआप गिळले जाते.

बारीक माणसाला साखर कशी?

काकांचा दुसरा प्रश्न होता, "मी तं वाळलेला माणूस. मले शुगर कायची?" त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे स्नायूंनी बरीच कमी होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवत होता, शरीर मात्र वेगळे होते.

याचा आपल्याशी संबंध असा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवण्याचे सगळ्यांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान आणि येणारा माल जास्त, तर उरलेला माल यकृतात आणि पोटाभोवती चरबी होऊन साचतो. अशी चरबी साचली की इन्सुलिनचे काम नीट होत नाही. स्वादुपिंड काही वर्षे जादा इन्सुलिन तयार करून वेळ मारून नेते आणि मग थकते. म्हणून आपल्याकडे ५४ किलोच्या माणसालाही मधुमेह होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता फक्त लठ्ठ आणि श्रीमंत माणसांचा आजार राहिलेला नाही.

तेव्हा वजनकाट्यापेक्षा शिंप्याच्या टेपवर विश्वास ठेवा. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर वजन कमी असले तरी तपासणी करून घ्या. घेर कमी असला तरी वयाच्या तिशीनंतर तपासणी हवीच. आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब आणि साखर मोफत तपासली जाते.

भाकर मागे का पडली?

लोकांना कळत नाही म्हणून ते पुडा घेतात, असे मी आता म्हणत नाही. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात कापूस आणि सोयाबीन आले, कारण पैसा त्यात होता. उरलेल्या ज्वारीवर रानडुकरे आणि पाखरे उठली. रेशनवर वर्षानुवर्षे गहू-तांदूळच आले. भाकर थापायला वेळ आणि हात लागतो. सकाळी वेचणीला किंवा कारखान्यात जाणाऱ्या बाईजवळ तोच नाही. पाच रुपयांचा पुडा या सगळ्या अडचणींवर उत्तर म्हणून घरात आला. त्याची जागा उपदेशाने घेता येत नाही, दुसऱ्या खाण्यानेच घेता येते.

काकूंनी सांगितलेला दिवस पुन्हा पाहिला तर ध्यानात येते की दुपारचे आणि रात्रीचे जेवण घरचेच होते. पुडा शिरला तो सकाळी उठल्यावरच्या आणि दुपार-संध्याकाळच्या चहाच्या वेळी. आधी या दोन वेळा सांभाळा. जेवणाचे नंतर पाहू.

सकाळी चहाबरोबर रात्रीची अर्धी भाकर आणि जवसाची किंवा फल्लीदाण्याची चटणी. कामावर न्यायला खिशात मूठभर फुटाणे; ते नासत नाहीत, डबा लागत नाही. १०० ग्रॅम फुटाण्यांत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच बिस्किटांत सहा-सात. चार वाजता हरभऱ्याच्या घुगऱ्या, एक उकडलेले अंडे, पातळ ताक किंवा एक पेरू. मुलांसाठी फुटाणे, थोडे दाणे आणि मुरमुरे कालवून.

भाकरही मोजूनच खायची. ज्वारी म्हणजे औषध नव्हे, तिनेही साखर वाढते. पण १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात आणि मैद्यात तीनपेक्षा कमी, त्यामुळे ती सावकाश पचते. घरी तळलेली भजी आणि शेवही रोजची नकोत. घरचे म्हणजे कितीही चालते, असे नाही.

पुडा घ्यायचाच असेल तर

दर्शनी भागावरची अक्षरे वाचू नका, पुडा उलटा करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पाम तेल असेल, तर पुढे 'मल्टिग्रेन' किंवा 'डायजेस्टिव्ह' काहीही लिहिलेले असो, तो पदार्थ तोच आहे. 'शुगर फ्री' लिहिले म्हणजे रक्तातली साखर वाढणार नाही, असे नाही. मैद्याची साखर पोटात होते. स्वयंपाकघरात कधी दिसत नाहीत अशी चार-पाच नावे यादीत असली, तरी तो पुडा मागे ठेवावा.

एक इशारा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे वाचून एकदम नाश्ता बंद करू नये. साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी. त्या वेळी 'गोड बंद' हा नियम लागू नाही. आहार बदलताना औषधाची मात्रा आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

काका तीन महिन्यांनी आले. गोळ्या त्याच, मात्रा तीच. टोस्ट आणि बिस्किटे गेली होती, फुटाणे आले होते. एचबीए१सी ७.९ होते. अजून सात गाठायचे आहे, पण वाट सापडली आहे. काकू म्हणाल्या, "आता नातूच फुटाणे मागते. पुडे आणाचे पैसेबी वाचले."

तेव्हापासून माझ्या ओपीडीत पहिला प्रश्न बदलला आहे. "गोड खाता का?" असे मी विचारत नाही. "काल दिवसभर काय खाल्ले?" असे विचारतो. आज रात्री घरातल्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारून पाहा आणि उत्तर कागदावर लिहा. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना तो कागद सोबत आणा. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी त्यांच्यासमोर ठेवा.