डोळ्यांना काय दिसते?

पाण्याच्या पेल्यात तिरपी ठेवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते. हा प्रयोग पाहून आलेल्या एका विद्यार्थिनीने रात्रीच्या अभ्यासाच्या वेळी आम्हांला विचारले, "सर, डोळेच खोटे बोलत असतील तर खरे मानायचे तरी काय?" आम्ही इतिहासाचे शिक्षक, प्रकाशाच्या अपवर्तनाचे उत्तर विज्ञानाच्या शिक्षकांकडे होते. पण तिचा प्रश्न त्याहून मोठा होता, आणि भारतातील बौद्ध आचार्यांनी त्यावर फार कसून विचार केलेला आहे.

आचार्य दिङ्नागांनी 'प्रमाणसमुच्चय' रचला; सातव्या शतकात आचार्य धर्मकीर्तींनी 'प्रमाणवार्त्तिक' लिहून तो विचार पुढे नेला. दोघांनीही ज्ञानाची साधने दोनच मानली : प्रत्यक्ष आणि अनुमान. ग्रंथात आहे म्हणून खरे, या शब्दप्रामाण्याला त्यांनी स्वतंत्र स्थान दिले नाही. तथागतांनी कालामांना केलेल्या उपदेशाशी हे सुसंगतच होते.

इंद्रिये फसतात, हे धर्मकीर्तींना चांगले ठाऊक होते. चालत्या नावेतून काठावरची झाडे पळताना दिसतात, कोलीत गरगर फिरवले की अग्नीचे कडे दिसते, दृष्टिदोष असलेल्याला एकाचे दोन चंद्र दिसतात. म्हणून प्रत्यक्ष 'अभ्रान्त' असावे, अशी अट त्यांनी घातली. कसोटीही दिली : जे ज्ञान व्यवहारात टिकते ते खरे. मृगजळाने तहान भागत नाही.

दुसरी अट अधिक खोल आहे. प्रत्यक्ष 'कल्पनापोढ', म्हणजे कल्पनेपासून मुक्त असले पाहिजे. डोळा समोरची एक विशिष्ट वस्तू दाखवतो; तिचे नाव आणि तिचा वर्ग मन जोडते. तर्कशास्त्रात या वर्गाला 'जाती' म्हणतात. तो शब्द समाजातल्या जातीचा नव्हे, हे खरे. परंतु ब्राह्मणत्व हीदेखील एक खरीखुरी 'जाती' आहे असे प्रतिपक्षी मांडत, तेव्हा हा वाद केवळ तर्काचा उरत नसे. धर्मकीर्तींनी जातीचा अभिमान जडबुद्धीच्या लक्षणांत गणला. अश्वघोषांच्या नावावर असलेली 'वज्रसूची' विचारते : हत्ती, घोडा, गाय पावलांवरून ओळखू येतात, तसे चार वर्ण ओळखू येतात काय?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या पाण्याचा रंग, वास, चव यांत काय पालटले? काहीच नाही. तरीही गोमूत्र आणि शेण ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. विटाळ कोणी पाहिला नव्हता, हुंगला नव्हता, चाखला नव्हता. स्पर्श हे तर ज्ञानाचे द्वार. इथे ते द्वारच बंद ठेवण्यात आले होते.

हे ऐकून त्या मुलीने पुन्हा अडवले : "सर, विटाळ खोटा, पण मार तर खराच ना?" प्रश्न बिनतोड होता. महाडला त्या दिवशी लोकांची डोकी फुटली होती. आम्ही म्हणालो, मार प्रत्यक्ष आहे. तो विटाळाने नव्हे, विटाळ मानणाऱ्या हातांनी दिला. जात ही विटांची भिंत नसून मनातील कल्पना आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले, आणि म्हणूनच ती पाडणे अधिक कठीण आहे हेही सांगितले.

तिने मान हलवली नाही. पेला जवळ ओढला आणि पाण्यात बोट घालून पेन्सिल चाचपून पाहू लागली.