भिंतींमधून होणारी उष्णताहानी

भिंतींमधून होणारी उष्णताहानी म्हणजे तापवलेल्या घराच्या आतील उष्णता भिंतींवाटे बाहेरच्या थंड हवेत निघून जाण्याचा दर होय. हा दर वॅट या एककात मोजतात. घर उबदार ठेवण्यासाठी किती क्षमतेची तापनयंत्रणा लागेल आणि इंधनावर किती खर्च होईल, हे ठरवण्यासाठी त्याचा अंदाज आवश्यक असतो.

मूलतत्त्व

घन पदार्थातून होणाऱ्या उष्णतावहनाचा गणिती नियम फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. उष्णतेचा प्रवाह क्षेत्रफळाच्या व तापमानातील फरकाच्या समप्रमाणात, तर थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो.

भिंतीच्या प्रत्येक थराची मीटरमधील जाडी त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागली की त्या थराचा उष्णतारोध मिळतो. एकामागे एक असलेल्या थरांच्या रोधांची बेरीज करतात. भिंतीलगतच्या हवेचाही रोध असतो. तो आतील बाजूस ०.१३ व बाहेरील बाजूस ०.०४ धरण्याची पद्धत आहे. एकूण रोधाचा व्यस्तांक म्हणजे भिंतीचे यू-मूल्य. त्यावरून पुढील सूत्र मिळते :

उष्णताहानी = यू-मूल्य × क्षेत्रफळ × तापमानातील फरक

उदाहरण

ब्रिटनमधील अनेक जुन्या घरांच्या भिंती सुमारे २३० मिलिमीटर जाडीच्या भरीव विटांच्या आहेत. विटांची वाहकता ०.७७ धरल्यास विटांचा रोध ०.३०, एकूण रोध ०.४७ आणि यू-मूल्य २.१३ येते. याच भिंतीला ०.०४ वाहकतेच्या खनिज लोकरीचा ५० मिलिमीटरचा थर दिल्यास रोध १.७२ होतो व यू-मूल्य ०.५८ इतके उतरते. थर १०० मिलिमीटरचा केल्यास ते ०.३४ होते. म्हणजे पहिल्या ५० मिलिमीटरने होणारा लाभ दुसऱ्या ५० मिलिमीटरच्या लाभापेक्षा कितीतरी मोठा असतो.

भिन्न रोधनाच्या भिंती

घराच्या काही भिंतींना उष्णतारोधक थर असतो व काहींना नसतो, अशी स्थिती पुष्कळदा आढळते. समजा, दारे-खिडक्या वगळून भिंतींचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आहे. त्यांपैकी ६० चौरस मीटर भिंतींना वरील ५० मिलिमीटरचा थर दिला आहे. घरात २० अंश व बाहेर ० अंश सेल्सियस तापमान आहे.

रोधक थर असलेला भाग : ०.५८ × ६० × २० = ६९६ वॅट
थर नसलेला भाग : २.१३ × ४० × २० = १७०४ वॅट
एकूण : २४०० वॅट

क्षेत्रफळाने ४० टक्के असलेल्या उघड्या भिंतींतून सुमारे ७१ टक्के उष्णता जाते. येथे रोधांची सरासरी काढण्याची चूक वारंवार होते. तशी सरासरी १.२२ येते आणि तिच्यावरून उष्णताहानी केवळ सुमारे १६४० वॅट दिसते. प्रत्यक्षापेक्षा हा आकडा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी आहे. त्याच्या आधारे बसवलेली यंत्रणा कडाक्याच्या थंडीत अपुरी पडेल. शेजारी शेजारी असलेल्या भिंतींतून उष्णता स्वतंत्र वाटांनी जाते. म्हणून अशा वेळी रोधांची नव्हे, तर यू-मूल्य व क्षेत्रफळ यांच्या गुणाकारांची बेरीज करावी.

वार्षिक अंदाज

संपूर्ण हंगामासाठी तापन अंश-दिवस वापरतात. ठरावीक आधार तापमानापेक्षा रोजचे सरासरी तापमान जितके अंश कमी असेल, त्या अंशांची ही वर्षभराची बेरीज असते. ती २००० धरल्यास वरील घरातून वर्षाला सुमारे ५७६० किलोवॅट-तास उष्णता जाईल. सर्व भिंतींना थर दिल्यास हा आकडा सुमारे २७८० वर येईल.

मर्यादा

छत, जमीन, खिडक्या आणि फटींतून होणारे वायुवीजन यांची हानी वेगळी मोजावी लागते. ओलसर विटांची वाहकता कोरड्या विटांपेक्षा अधिक असते. रोधक थर खंडित करणाऱ्या काँक्रीटच्या तुळया व धातूचे सांधे यांमुळेही प्रत्यक्ष हानी वाढते.

भारतातील संदर्भ

लडाखसारख्या शीत प्रदेशात ही गणना थेट लागू पडते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८ च्या इको-निवास संहितेने शीत हवामानातील निवासी इमारतींसाठी छताव्यतिरिक्त बाह्य आवरणाच्या यू-मूल्याची कमाल मर्यादा १.८ ठरवली आहे. महाराष्ट्रात उन्हाळ्यात उष्णतेची दिशा उलटते व ती बाहेरून आत येते. मूळ सूत्र तेच असले, तरी तेथे भिंतीवर पडणाऱ्या उन्हाचाही विचार करावा लागतो.