घटस्फोट आई-बापांचा, शिक्षा लेकरांना का?

घटस्फोट नवरा-बायकोचा होतो, आई-बापपणाचा नाही. ही साधी गोष्ट आपल्या चाळी-वस्त्यांत अजून रुजलेली नाही. कॉटन ग्रीनच्या गोदामांशेजारच्या १० बाय १०च्या खोलीत मोठ्यांचे भांडण मुलांपासून लपत नाही. जोडपे वेगळे झाले की मूल ज्या घरी राहते, तिथली माणसे त्याच्या कानात रोज विष ओततात : ‘तुझ्या बापाला तू नकोच होतास’, ‘तुझी आई तुला टाकून गेली.’ मग हार्बरच्या लोकलने वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात आणलेले लेकरू समोरच्या बापाकडे वा आईकडे बघतसुद्धा नाही. वकिली करताना आम्ही हे वारंवार पाहतो.

ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचेच तुकडे करून पुढे कायदे झाले. त्यांतला १९५६चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा बौद्धांनाही लागू आहे. ५ वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असे कलम ६ म्हणते. पण कलम १३ मुलाचे हित सर्वोच्च मानते. आई-बापांचा हक्क त्यानंतर! मुलाचे मन दुसऱ्या पालकाविरुद्ध कलुषित करण्याची सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली गंभीर दखल घेतली. दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचा मानवी हक्क आहे, असे २०२० साली बजावले.

मात्र याचे हत्यार करू नये. नुसता शिक्का मारू नका, मन फिरवणारे वर्तन प्रत्यक्ष दाखवा, असे याच न्यायालयाने २०२४ साली सांगितले. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईचे मूल बापाला घाबरत असेल, तर ती भीती आईने शिकवलेली नसते. त्याने ती डोळ्यांनी पाहिलेली असते.

पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये आणि भेट होत नाही म्हणून पोटगी बुडवू नये. दोन्ही हक्क लेकराचेच आहेत. भेट नाकारली जात असेल तर वर्षानुवर्षे गप्प न बसता तारीखवार नोंद ठेवून तातडीने न्यायालयात अर्ज करावा. उशीर जितका, तितका दुरावा पक्का.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही ‘आई हवी की बाप?’ असे लेकराला विचारणे सोडावे. त्याला साक्षीदार बनवू नका. त्याला मूल राहू द्या!